सासूनं दिलेला हार

"लॉरिंडा येते आहे. दगडाच्या प्रार्थनेला," अल्बर्ट म्हणाला.

जुलिएट मसाल्याच्या बरण्या पुसत होती. हातातली बरणी खाली न ठेवता तिनं विचारलं, "कोण लॉरिंडा?"

नाव तिला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलाची, झेवची ती बायको. झेवला जाऊन सात महिने झाले होते. टोरांटोच्या उत्तरेला त्यांच्या ज्यू समाजाच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर आता दगड बसायचा होता, आणि त्या दिवशी घरचे सगळे हजर असतात. घरचे म्हणजे कोण, यावर नवराबायकोचं एकमत नव्हतं, एवढंच.

"मी बोलावलं तिला. नोव्हेंबरात पासपोर्ट नव्हता म्हणून यायची राहिली. आता मिळालाय," अल्बर्ट म्हणाला.

"तुम्ही बोलावलंत, तुम्हीच एअरपोर्टवर जा," जुलिएट म्हणाली आणि पुढची बरणी पुसायला घेतली.

झिराडकर कुटुंब भायखळ्याहून कॅनडात आलं तेव्हा झेव अकरा वर्षांचा होता. अल्बर्टला विमानतळावरच्या कार्गोत नोकरी लागली, जुलिएट एका डेकेअरच्या स्वयंपाकघरात लागली. मिसिसागाच्या त्या कॉन्डोत झेव वाढला, शिकला, इंजिनियर झाला आणि सोलरच्या कामासाठी अमेरिकेत न्यू मेक्सिकोत गेला. तिथं नवाहो या मूळ अमेरिकन आदिवासींच्या वस्तीत मैलोन्‌मैल वीज नसलेली घरं आहेत. त्यांच्या छपरांवर तो सोलर पॅनेल बसवायचा. तिथल्याच दवाखान्यातल्या एका नवाहो नर्सशी लग्न करतोय, असं त्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा जुलिएटचा आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला होता.

"अरे, आपली माणसं आधीच मूठभर. या अख्ख्या टोरांटोत आपल्या मराठीतून प्रार्थनेनंतर गप्पा मारणारे किती राहिलेत? त्यातून तूही गेलास तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"आई, मी कुठे चाललोय? मी तुझाच आहे," झेव म्हणाला होता.

"तिला घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

लग्नाला कुणी गेलं नाही. झेवनं मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करायचं सोडलं नाही. जुलिएट विचारायची, "जेवलास का? थंडी आहे का तिकडे?" आणि फोन अल्बर्टच्या हातात द्यायची. सुनेबद्दल तिनं अडीच वर्षांत एक शब्द विचारला नाही. मग एका नोव्हेंबरात बर्फावरून त्याचा पिकअप घसरला. फोन आला तो त्या बाईचाच. तुमच्या पद्धतीनं करा, त्याला घेऊन जा, असं ती अल्बर्टला म्हणाली. शवपेटी विमानानं आली. बायको आली नाही. पासपोर्टचं कारण जुलिएटच्या कानावर आलं होतं, पण तिच्या मनात राहिलं ते एवढंच, की नवऱ्याला बाईनं पार्सलासारखं पाठवून दिलं.

*

शनिवारी दुपारी अल्बर्ट तिला घेऊन आला. दारात एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, तिशीची बाई उभी होती. केस मागे घट्ट बांधलेले, अंगात साधा काळा ड्रेस, आणि गळ्यात एक भरघोस हार. जुलिएटचं लक्ष आधी हारावरच गेलं. मोठाले निळे-हिरवे पिरोजे, त्यांत काळ्या शिरा. मधेमधे शिंपल्याचे नारिंगी मणी, झिजवून गोल केलेले. चांदीचे मणी, आणि खाली घोड्याच्या नालेसारखं चांदीचं पदक. शोकाच्या घरी येताना कुणी असं नटून येतं का, असं तिच्या मनात आलं.

लॉरिंडानं हात पुढे केला. जुलिएटनं तो धरला आणि लगेच सोडला.

जेवायला जुलिएटनं नारळाच्या रसातलं माशाचं कालवण केलं होतं. का केलं, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. झेव आला की ती हेच करायची. लॉरिंडानं ताटात भात घेतला, बटाट्याची भाजी घेतली, कालवण पुढे केलं तेव्हा मान हलवली.

"माफ करा. आमच्या घरी मासे खात नाहीत," ती इंग्रजीत हळू म्हणाली. तिचं बोलणंच हळू होतं. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची, जणू समोरच्याला आणखी काही म्हणायचं असेल तर जागा ठेवत होती.

"त्याला फार आवडायचं," जुलिएट म्हणाली. "झेवला."

लॉरिंडानं खाली ताटाकडे पाहिलं.

त्या दिवसभरात जुलिएटनं झेवचं नाव पाचसहा वेळा काढलं. लहानपणचा फोटो दाखवला, त्याची शाळा खिडकीतून दाखवली. तो तिकडे काय खायचा, हिवाळ्यात खोकला व्हायचा का, केस कुठे कापायचा, असलं सगळं तिला विचारायचं होतं. लॉरिंडा ऐकत होती, मान हलवत होती, पण त्याच्याविषयी स्वतःहून एक वाक्य बोलेना. नाव तर तिनं एकदाही घेतलं नाही.

"नवऱ्याचं नाव जिभेवर येत नाही हिच्या," जुलिएट स्वयंपाकघरात अल्बर्टला मराठीत म्हणाली. "सात महिन्यांत विसरली."

"हळू बोल."

"तिला कुठे मराठी कळतंय?"

*

रविवारी दफनभूमीवर तीसेक माणसं जमली. बरेचसे जुने ओळखीचे, अलिबाग-पेणकडची घराणी, आता ब्रॅम्प्टन आणि मिल्टनला राहणारी. लॉरिंडा अल्बर्टच्या गाडीतून उतरली, फाटकापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"चल ना," अल्बर्ट म्हणाला.

"मी इथं थांबते. मला आत यायला नको."

जुलिएटनं ते ऐकलं. ती पुढे गेली. दगडावरचं कापड निघालं, हिब्रू आणि इंग्रजीतलं नाव दिसलं, पुरुषांनी प्रार्थना म्हटली, अल्बर्टचा आवाज मधेच फुटला आणि कुणीतरी तो सांभाळून घेतला. प्रत्येकानं एकेक खडा थडग्यावर ठेवला. जुलिएटनं खडा ठेवला आणि मागे वळून पाहिलं. फाटकाबाहेर, गाडीजवळ, काळ्या ड्रेसमधली ती आकृती दुसरीकडे तोंड करून उभी होती.

घरी परतल्यावर उकडलेली अंडी, फळं, पुऱ्या, चहा असं होतं. पार्टीरूम भाड्यानं घेतली होती, तरी बायका शेवटी वर जुलिएटच्या फ्लॅटमध्येच येऊन बसल्या. लॉरिंडा सोफ्याच्या कडेला बसली होती. तिच्याशी काय बोलावं ते कुणालाच कळत नव्हतं. शेवटी तेहिला पुढे सरकली. तेहिला म्हणजे जुलिएटची भायखळ्यापासूनची मैत्रीण, कुठल्याही गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करणारी.

"काय सुंदर हार आहे. तुमच्याकडचाच ना?"

"हो. माझ्या मामानं घडवलाय. तो चांदीचं काम करतो." लॉरिंडानं पदकावर बोट ठेवलं. "पण दिला माझ्या सासूबाईंनी. लग्नात."

खोलीतली कुजबुज थांबली. जुलिएट लग्नाला गेली नव्हती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. का गेली नव्हती तेही माहीत होतं, कारण जुलिएटनंच प्रत्येकीला ऐकवलं होतं.

"जुलिएटनं?" तेहिलानं विचारलं.

"हो. आमच्याकडे लग्नात नवऱ्यामुलाकडून दागिने येतात. त्यांना यायला जमलं नाही, म्हणून त्यांनी पैसे पाठवले आणि सांगितलं, तुमच्या लोकांत जे घालतात तेच तिला द्या. फक्त त्यात शिंपला हवा म्हणाल्या." ती पहिल्यांदाच एवढं सलग बोलत होती. "त्यांचे पूर्वज समुद्रातून आले. जहाज फुटलं आणि थोडीच माणसं किनाऱ्याला लागली. म्हणून सुनेच्या गळ्यात समुद्राचं काहीतरी असावं. मामानं शिंपले मुद्दाम निवडून लावले."

सगळ्या जणी जुलिएटकडे बघू लागल्या. तिच्या हातात पुऱ्यांचं ताट होतं.

फुटलेल्या जहाजाची गोष्ट ती झेवला झोपताना सांगायची. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर लागलेली ती माणसं, त्यांच्यापासून आपण. तो सहा-सात वर्षांचा असताना दर रात्री तीच मागायचा.

"हो," जुलिएट म्हणाली. "शिंपला मीच सांगितला होता."

आणि ताट घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

*

पाहुणे गेल्यावर तिनं अल्बर्टला बाल्कनीत गाठलं. वरून विमान उतरत होतं, ते जाईपर्यंत ती थांबली.

"तुम्ही पैसे पाठवलेत ना? माझ्या नावानं?"

"नाही गं."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

अल्बर्टनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "पाठवायला हवे होते. मला सुचलंच नाही. तू नाही म्हणालीस, मी पण गप्प बसलो. झालं."

म्हणजे हे झेवचंच काम. आईनं दाराबाहेर ठेवलेल्या बायकोला त्यानं आईच्याच नावानं हार घातला. तिच्या माणसांसमोर ताठ मानेनं सांगितलं असेल, माझ्या आईनं पाठवलाय. आणि खोटं बोलताना आईची गोष्टच वापरली. शुक्रवारी फोनवर "जेवलास का" एवढंच विचारणाऱ्या आईची.

जुलिएट बाल्कनीतल्या खुर्चीत बसली. अल्बर्ट आत गेला आणि शाल आणून त्यानं तिच्या खांद्यावर टाकली. जून महिना होता, थंडी नव्हती.

*

सोमवारी संध्याकाळी लॉरिंडाची फ्लाइट होती. दुपारी अल्बर्ट पार्टीरूमच्या खुर्च्या परत करायला गेला आणि त्या दोघीच घरात उरल्या. जुलिएटनं चहा केला. लॉरिंडानं बॅग दाराशी आणून ठेवली आणि टेबलाशी येऊन बसली. हार गळ्यात होताच.

"मला तुम्हाला समोरासमोर थँक यू म्हणायचं होतं," ती म्हणाली. "फोनवर तुम्ही कधी आला नाहीत. पण हा हार होता, म्हणून मला माहीत होतं की तुमच्या मनात माझ्यासाठी जागा आहे. माझी आई लोकांना दाखवायची. म्हणायची, बघा, एवढ्या लांबून."

जुलिएटनं कप खाली ठेवला. रात्रभर तिनं विचार केला होता, की गप्प बसावं. पण समोर बसलेली ती बाई तिचे आभार मानत होती, आणि न केलेल्या गोष्टीचे आभार घेणं तिच्या स्वभावात बसेना. आयुष्यभर जे मनात असेल ते तोंडावर बोलण्याची तिला सवय होती.

"मी नाही पाठवला," ती म्हणाली. "काल सगळ्यांसमोर हो म्हटलं, पण मी नाही पाठवला. मी काहीच पाठवलं नाही. मला हे लग्न नको होतं. त्यानंच घेतला असणार. माझं नाव सांगितलं तुला बरं वाटावं म्हणून."

लॉरिंडानं पदक मुठीत धरलं. चहावर साय धरली.

"मग तो त्याचा आहे," ती शेवटी म्हणाली.

तिनं दोन्ही हात मानेमागे नेले, कडी काढली, आणि हार टेबलावर ठेवला. गळ्यावर चांदीचा पुसटसा वळ उठला होता.

"अगं, हे काय करतेस?"

"आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवत नाहीत. त्याचे कपडे, हत्यारं, बूट, सगळं आम्ही देऊन टाकलं. त्याचं नाव पण घेत नाही. घेतलं तर त्याला मागे वळून बघावं लागतं. त्याला पुढे जायचं असतं." ती थांबली. "कबरीजवळ पण आम्ही जात नाही. तुम्हाला राग आला, मी पाहिलं. तुम्ही त्याच्याविषयी विचारत होतात तेव्हा मला खूप सांगायचं होतं. सांगता येत नाही."

जुलिएटची नजर टेबलावरच्या हाराकडे गेली.

"हा एकच ठेवला होता. कारण तो तुमचा होता. तुम्ही आहात. जिवंत माणसानं दिलेलं ठेवता येतं."

आपण काय करून बसलो ते जुलिएटला तेव्हा कळलं. तिनं हार उचलून लॉरिंडापुढे धरला.

"मी देते. हे बघ, आता मी देते. माझ्या हातानं."

"असं नाही होत." लॉरिंडाच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्याजवळ राहू दे. तुमच्याकडे ठेवतात ना?"

अल्बर्ट आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या आणि हार मधे टेबलावर होता. विमानतळावरून एकटाच परतल्यावर त्यानं सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाला, "अजून चार तास गप्प बसली असतीस, जुली. चारच तास." त्या रात्री तो जेवला नाही.

*

हार कपाटात राहिला. एका शुक्रवारी, बाहेर पहिला बर्फ पडत असताना, जुलिएटनं तो काढला आणि गळ्यात घातला. काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रावर तो अंगापेक्षा मोठा दिसत होता. चांदी गार होती, आणि जड इतकी, की मान आपोआप ताठ झाली.

प्रार्थनेच्या हॉलमध्ये तेहिलानं तिला अडवलं. "हा तर तू सुनेला दिला होतास ना?"

"मी दिला नव्हता. झेवनं माझ्या नावानं दिला. मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

तेहिलानं हाराचं उलटलेलं पदक सरळ केलं आणि म्हणाली, "चल, सुरू होईल आतलं."

त्या हिवाळ्यात जुलिएट हार घालूनच सगळीकडे गेली. ग्रोसरीला, डॉक्टरकडे, बसमध्ये जाड कोटाच्या आत. देसी दुकानातल्या बाईनं विचारलं, आंटी, ये कहाँ से लिया? जुलिएटनं सांगितलं, बेटे ने दिया. घरी आल्यावर तिला वाटलं, हेही चुकलंच. मेरा है, असंच म्हणायला हवं होतं. हा हार आपला व्हायचा असेल तर तो झेवचा राहून चालणार नाही. आणि तो झेवचा राहू नये, हे तिला सोसवत नव्हतं. कधी कधी दुपारी ती शिंपल्याचा एखादा मणी दोन बोटांत धरून बसायची. त्यानं हे मणी पसंत केले असतील तेव्हा त्याची बोटं याच्यावरून फिरली असतील, असं मनात यायचं.

मार्चमध्ये तिनं स्वतः फोन लावला.

"मी जुलिएट. हार मी सगळा हिवाळा घातला. रोज. आता तो माझा झाला की नाही?"

पलीकडे शांतता होती. या मुलीच्या बोलण्यात शांतता असायचीच, हे आता जुलिएटला माहीत होतं. ती थांबली.

"मी आईला विचारते," लॉरिंडा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "आई म्हणते, या."

जुलिएट आणि अल्बर्ट एप्रिलमध्ये गेले. विमान, मग भाड्याची गाडी, मग तांबड्या मातीतून सरळ जाणारा रस्ता. लॉरिंडाच्या आईचं घर लहान होतं. त्या बाईंना इंग्रजी थोडंच येत होतं. त्यांनी जुलिएटला चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं, गरम भाकरीसारखं काहीतरी आणि कॉफी दिली. जुलिएट डोळे फिरवत होती. एखादा फोटो, खुंटीला एखादं जॅकेट, कपाटावर एखादं पुस्तक. झेव या घरात अडीच वर्षं येतजात होता. काही म्हणजे काही नव्हतं. भिंती स्वच्छ होत्या.

मग तिनं गळ्यातला हार काढला. उभी राहिली, लॉरिंडाच्या मागे गेली आणि कडी लावली. म्हाताऱ्या बोटांना ती पटकन लागेना. लॉरिंडा मान वाकवून थांबली.

"हा मी तुला देते," जुलिएट म्हणाली. "माझा आहे, म्हणून देते."

लॉरिंडाच्या आईनं आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. लॉरिंडानं त्याचा अर्थ सांगितला नाही. तिचे डोळे भरले होते.

परतताना अल्बर्ट गाडी चालवत होता. बऱ्याच वेळानं जुलिएट म्हणाली, "इथं असताना त्यानं हात लावलेलं आपल्याकडे आता काही उरलं नाही."

"हो," अल्बर्ट म्हणाला. त्यानं गाडी बाजूला घेतली, आणि दोघं मोकळ्या माळाकडे बघत तिथंच बसून राहिली.

लॉरिंडा अधूनमधून फोन करायची. दवाखान्याबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, मामाच्या नव्या कामाबद्दल बोलायची. झेवचं नाव तिनं कधीच घेतलं नाही, आणि जुलिएटनंही तिच्यासमोर घ्यायचं सोडलं. दोन वर्षांनी तिनं सांगितलं, की ती लग्न करते आहे. मुलगा तिच्याच गावचा, शाळेत शिकवणारा.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुमचा हार मी त्या दिवशी घालू का?"

"घाल," जुलिएट म्हणाली. "सासूनं दिलेला आहे. घाल."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. मुलीचं बरं झालं, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि छातीत मात्र पुन्हा तेच नोव्हेंबरातलं दुखणं उठलं होतं. शुक्रवार होता. शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या होत्या.

"कुणाचा होता?" अल्बर्टनं विचारलं.

"लॉरिंडाचा. तिचं लग्न आहे."

अल्बर्टनं टीव्ही बंद केला. "आपण काय पाठवायचं?" त्यानं विचारलं.

"बघू," जुलिएट म्हणाली आणि काडेपेटी शोधू लागली.